भाजी डोंगरात, पाहुणे दारात

आधी सोमीमावशीचं नाव घेतो. काय झालं ते मागाहून. आंदर मावळात टाकव्याच्या पुढं जिथं गाडीरस्ता संपतो, तिथून चढून गेलं की एक ठाकरवाडी लागते. तिथल्या शेवटच्या घरांपैकी एकात ही मावशी राहते. ती माझ्या नात्यातली नाही. मी वणीकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. घर इतकं लांब की आईचा फोन आला तर ती आधी "जेवला का" विचारते आणि मग "तिकडं पाऊस आहे का", जणू मी दुसऱ्या देशात राहतो. अशा परक्या मुलखात भर पाहुण्यांत ज्या बाईनं माझी पाठ राखली, ती ही. तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहा, असं म्हटल्यावर मला दुसऱ्या कुणापासून सुरुवात करताच येईना.

आता काम. ते सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?"

लोणावळ्यात आमच्या संस्थेचं एक छोटं ऑफिस आहे. परदेशातल्या कॉलेजांची मुलं-मुली एका सत्रासाठी पुण्याला शिकायला येतात. आठवडाभर वर्ग, आणि शुक्रवार आला की मावळात. इथं त्यांनी वाड्यावस्त्यांवरच्या, झोपडपट्टीतल्या छोट्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायचा. बांबूच्या टोपल्या विणणारा, गाडीवर वडापाव तळणारी, शिलाई मशीन घेऊन बसलेली. धंदा कुठं अडलाय ते बघायचं, उपाय सुचवायचा, तो करून बघायचा. त्याचे त्यांना गुण मिळतात. मी मधला माणूस. त्यांचं यांना सांगायचं, यांचं त्यांना. आणि दोन्ही बाजूंना राग येणार नाही अशा बेतानं सांगायचं, हे कुठं लिहिलेलं नाही पण पगार त्याचाच आहे.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. इंग्रजी हॉटेलातलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी बरीच वर्षं रूमबॉय होतो, पुढं काउंटरवर बसवलं. गरम पाणी सकाळीच येईल सर, टॉवेल आणखी हवा का मॅडम, इथवर माझी गाडी सुसाट. त्यापुढं गिअर बदलताना आवाज यायचा. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या मागं मागं चालतो, अजूनही. वाटतं, आज कुणीतरी विचारणार, "तुम्ही कुठल्या कॉलेजचे?" एकीनं विचारलंही. मी म्हटलं, "हॉटेल." ती म्हणाली, "अरे वा, हॉटेल मॅनेजमेंट!" मी पाणी प्यायलो.

पण काय सांगू, हे काम अंगात भिनतं! एकदा घाटातल्या पॉइंटवर कणसं भाजणाऱ्या सुमनताईंकडं एक उंच जर्मन मुलगा घेऊन गेलो. त्यानं विचारलं, तुमचा स्पर्धक कोण? मी विचारलं, "ताई, तुमच्या धंद्याच्या आड कोण येतं?"

"धुकं," ताई म्हणाल्या. "धुकं बघाया तर गाड्या येत्यात, आन् त्याच धुक्यात मी कुनाला दिसत न्हाई. म्होरं जाऊन चहा पित्यात मुडदे."

मुलगा दोन दिवस धुक्यात उभा राहून गाड्या बघत होता. तिसऱ्या दिवशी कामशेतच्या रसवंतीवरून घुंगरू आणून त्यानं ताईंच्या कोळशाच्या पंख्याला बांधले. ताईंनी पंखा फिरवला की छुमछुम! धुक्यातून आवाज आला की गाड्या आपोआप हळू होऊ लागल्या. पोरगं नाचलं हो रस्त्यात! पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन्ही गाड्यांवर घुंगरू लागले आणि सगळे परत सारखे झाले, ती गोष्ट वेगळी. सल्ल्याच्या धंद्यात असंच चालतं.

मार्ता ही त्यानंतरची. पोर्तुगालची. बावीस-तेवीस वर्षांची, केस कापलेले, बोलताना दोन्ही हात हवेत. तिला मी वाडीवर पहिल्यांदा नेलं तेव्हा बुधाआबा, म्हणजे वाडीतले वडीलधारे, ओट्यावर बसले होते.

"ही कुटली?"

मी देशाचं नाव सांगितलं. आबांनी डोकं खाजवलं. "म्हंजी गोव्याला व्हते त्यातली?"

मी तिला ते सांगितलं. ती लाल झाली आणि हात जोडून माफी मागू लागली. आबा म्हणाले, "आमच्याकडं कुनी आलं नव्हतं. बस, पानी पी."

सोमीमावशीचा धंदा रानभाजीचा. पावसाळ्यात डोंगरावरून कवळी, भारंगी, टेरं तोडायचं, जुड्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन उतरायचं, मग जीप, मग लोणावळ्याच्या बाजारात फुटपाथवर बसायचं. गुडघा दुखायला लागला होता. सून म्हणाली, "आत्या यंदा वझं घिऊन उतरली तर फुडल्या वर्साला काठीच धरनार." मावशी म्हणाली, "तू गप. काठी काय वाईट असती?" पण उठताना भिंत धरत होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मावशी गेल्या वर्षीची वाळवलेली रानभाजी विकत होती, तेव्हा मार्ता बाजारात तिच्याशेजारी एक अख्खा दिवस बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं? प्रत्येक बाई विचारते, ही भाजी करायची कशी? मावशी सांगते. निम्म्या बायका ऐकून निघून जातात. त्यांना पाला नकोय. त्यांना जेवण हवंय." मी जागीच थांबलो. इतकी वर्षं या बाजारातून जातोय, हे मला दिसलं नव्हतं! भाजी खाली न्यायची कशाला? माणसंच वर आणू. रविवारी मावशीच्या पडवीत रानभाजीचं जेवण. आधी सांगून येणारे पाहुणे. मावशीनं चुलीपाशी राहायचं, गुडघ्याला आराम.

मला रात्री झोप येईना, इतका मी हरखलो. माझ्या जुन्या हॉटेलच्या मॅनेजरकडं गेलो. ते म्हणाले, पुण्याच्या एका कंपनीची तीसेक माणसं येतायत, त्यांना असलं काहीतरी हवंच आहे. "पहिला रविवार नीट झाला तर पावसाळाभर माझे पाहुणे तुमच्याकडे. फसला तर परत विषय काढायचा नाही." त्यांनी जेवणाचा कागदही छापून घेतला. वर मोठ्या अक्षरात, 'रानभाज्यांची मेजवानी'.

मावशीची पडवी सारवून झाली. गावातून ताटं मागून आणली. मुलानं माणसांना बसायला बांबूचं बाकडं ठोकलं. मी मावशीला विचारून ठेवलं होतं, भाजी कधी वर येते? ती म्हणाली होती, "मिरग लागला की आठ-पंधरा दिसांत डोंगूर हिरवा." त्या हिशेबानं रविवार धरला. मार्ताला सोमवारी मायदेशी परतायचं होतं, म्हणजे तिच्याही डोळ्यांसमोर व्हायला हवं.

शनिवारी सकाळी तेल, कांदे, मसाला घेऊन आम्ही दोघं चढलो. वाटेवर दोन्ही बाजूंना कवळीची लांब हिरवी पाती! मी वाटेवरूनच ओरडलो, "मावशी, भाजी तर पायाखाली येऊन राहिली!"

वाडीतल्या बाया हसल्या. माझ्या वणीकडच्या बोलण्याला त्या नेहमीच हसतात.

अंगणात मावशी तांदूळ निवडत बसली होती. एकही जुडी नाही.

"मावशी, तोडायला कधी निघायचं?"

"काय तोडाया?"

"भाजी."

"कवळी व्हय? अजून दिली न्हाई."

"कोणी दिली नाही?"

"आमी. देवाला." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी आग गरम असते का असं विचारलं होतं. "देवाला कवळी दिल्याबिगर रानातलं पान चुलीवर चढत न्हाई. तुमाला ठावं न्हाई?"

मला कसं ठावं असणार! आमच्याकडं सपाट काळी जमीन, कापूस, तूर. भाजी उगवली म्हणजे ती भाजी झाली, एवढंच मला माहीत. मी कधी उगवते विचारलं होतं, कधी खातात ते नाही. आणि वाडीवर ही गोष्ट इतकी सगळ्यांची, की ती कुणी बोलून दाखवत नाही. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला सगळी वाडी मिळून डोंगराच्या कडेच्या देवाला कवळी देते, मग खाते, मग विकते. एरवी या रविवारपर्यंत ते उरकलेलं असतं. यंदा दोन घरं खाली कामाला उतरलेली, ती अजून परतली नव्हती. ती आल्याशिवाय द्यायची नाही, असं आबांचं म्हणणं.

मी आबांकडं धावलो. "आबा, रविवार ठरवायला बसलो तेव्हा तुम्ही होता की! बोलला का नाही?"

"मला कुनी इचारलं? तुमी बाकड्याचं बोलत व्हता."

मार्ता अंगणाच्या मध्ये उभी. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. मी सगळं सांगितलं. तिचे हात हवेत गेले. ती म्हणाली, मग शेजारच्या गावातून भाजी विकत आणू, तिथं तर हा नियम नसेल. मी मावशीला सांगितलं.

"आना की. पर माझ्या चुलीवर न्हाई शिजायची."

मार्ता म्हणाली, मग तो देवाचा कार्यक्रम उद्याच करू. पाहुण्यांसमोर. त्यांना फार आवडेल.

हे वाक्य माझ्या तोंडातून मराठीत निघेना. पण काम म्हणजे काम. खाली बघत सांगितलं. मावशीच्या हातातलं सूप थांबलं.

"तिला सांगा, देव काय तमाशातला हाय व्हय, मान्सं जमली की उबा करायला? दोन घरची पोरं उन्हातानात राबत्यात. त्यांच्या वाट्याचं आदी पावन्याला दिऊ?"

मार्तानं मान खाली घातली. म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी घाईत मूर्खासारखं बोलले." मग हळूच, "रद्द करू या. फोन कर."

वाडीवर रेंज नाही. वर एका टेकाडावर करवंदीच्या जाळीपाशी उभं राहिलं तर फोन लागतो. मी निघालो. मॅनेजर काय म्हणतील, ऑफिस काय म्हणेल, आठवी शिकलेल्याला घेतलं की असंच होतं असं कोण म्हणेल, हे सगळं मी वाटेतच ऐकून घेतलं. टेकाडावर पोचलो तोच मागून हाक.

"नागपूरवाले! ओ नागपूरवाले!"

वणी म्हणजे नागपूर नव्हे, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. मावशी गुडघा धरत टेकाड चढून येत होती.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? पाय..."

"पायाचं ऱ्हाऊ द्या. कुनाला फोन लावताय?"

"सगळं रद्द करतो."

"कशापायी? मान्सं जेवाया येत्यात का भाजी बघाया?"

"कागदावर भाजी छापलीय मावशी."

"कागूद मी छापला का?" ती दम घेत दगडावर टेकली. "माज्या घरात काय उपास हाय? इंद्रायनीचा तांदूळ हाय. हुलगं हायेत. फणसाच्या आठळ्या हायेत मडक्यात वाळवून ठेवल्याल्या. आन् वढ्याला खेकडं लागल्यात. खेकड्याला देवानं न्हाई म्हनलं न्हाई अजून. चला, हात चालवा."

त्या शनिवारचा उरलेला दिवस मी जन्मात विसरणार नाही! अख्खी वाडी ओढ्यात. बाया, पोरं, आबासुद्धा काठी टेकत काठावर. दगड उलटायचा, हात घालायचा, खेकडा पाठीकडून धरायचा. मी पुढून धरला. बोटाला नांगी लागली आणि मी "अरे बाप्पा!" म्हणून असा ओरडलो की सगळा ओढा हसला. "बाप्पाला नगं बोलवू, त्यो यंदा उपाशी हाय!" आबा काठावरून म्हणाले. मार्ता मात्र समुद्रकाठची. तिनं पहिला खेकडा असा अलगद उचलला की पोरी तिच्यामागं लागल्या. दुपारपर्यंत दोन घमेली भरली. संध्याकाळी पाट्यावर बारीक नांग्या वाटल्या जात होत्या, त्यांचं पाणी गाळून रस्सा होतो, आणि मार्ता मावशीच्या सुनेशेजारी बसून आठळ्या सोलत होती. एकमेकींची भाषा येत नव्हती, दोघी बोलत होत्या.

रविवारी पाहुणे आले. चढून दमलेले, फोटो काढून खूश. मॅनेजर स्वतः आले होते. त्यांनी पडवीत डोकावून बघितलं, चुलीवरची भांडी बघितली आणि मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं; सगळ्यांना ऐकू जात होतं.

"भाजी कुठाय?"

मी सांगायला लागलो. त्यांनी ऐकलं नाही. "तू मला शब्द दिला होतास. तीस लोकांसमोर माझं तोंड घालवलंस. म्हणून म्हणतो, काउंटरवरच्या पोरांनी काउंटरवरच राहावं."

इंग्रजी तर सोडाच, मराठीही गेली. मार्ताला शब्द कळले नाहीत, पण ती पुढं आली. तिच्याआधी मावशी पुढं आली होती. हाताला पीठ, पदर खोचलेला.

"सायेब, त्याला नगा बोलू. मान्सं माज्या दारात आल्यात. भाजी न्हाई त्ये माज्याकडनं. मला बोला."

मॅनेजर एक पाऊल मागं सरले. बाईला काय बोलणार? मावशी पडवीच्या पायरीवर चढली आणि पाहुण्यांकडं तोंड करून उभी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हितं उबं ऱ्हावा. माजं ज्यांना समजायचं न्हाई त्यांना सांगा. खरं सांगा, एक शबूद गाळू नगा."

पाहुण्यांत मराठी न येणारे आठ-दहा जण होते. मी तिच्याशेजारी उभा राहिलो.

"पावन्यांनु," ती म्हणाली, "तुमाला भाजीचं सांगून आनलं. भाजी त्या समोरच्या डोंगरात उबी हाय, बगा, हिरवी दिसती ती. पर आमच्या दोन घरची मान्सं अजून आली न्हाईत. ती आली की सगळी मिळून देवाला दिऊ, मग खाऊ. आमी अजून खाल्ली न्हाई. जे आमी खाल्लं न्हाई त्ये तुमाला कसं वाढू? आज जे घरात व्हतं आन् वढ्यात व्हतं, त्ये रांदलंय. पोटभर खावा. ज्याला नगं वाटंल त्यानं पैसं परत घ्यावं, राग न्हाई."

मी भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही. कुठून सुचलं माहीत नाही, पण गिअरचा आवाज आला नाही. बोलता बोलता लक्षात आलं की सगळे माझ्याकडं नव्हे, समोरच्या डोंगराकडं बघतायत.

चष्मेवाल्या एका काकांनी विचारलं, "मग मावशी, कधी देणार देवाला?"

"आबा सांगतील तवा."

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "माज्याकडं काय बगता? जेवा. खेकडा गार झाला की चिडतो."

हशा पिकला आणि पंगत बसली! बसली म्हणजे काय, उठेचना. चेन्नईची एक मुलगी नांगी कशी फोडायची हे सगळ्यांना शिकवू लागली. शाकाहारी मंडळींनी आठळ्यांची भाजी दोनदा मागितली, हुलग्याचं पिठलं संपलं. सगळेच खूश होते असं नाही. दोघं जण भाजी नाही म्हणून रुसले आणि पैसे परत घेऊन खाली उतरले. मावशीनं त्यांना वाटेत खायला भाकरी बांधून दिली, ती त्यांनी घेतली. मॅनेजर शेवटी जेवले. कुणाशी बोलले नाहीत. जाताना चुलीपाशी गेले आणि डबा पुढं केला. "रस्सा उरलाय का?"

मंगळवारी त्यांचा फोन आला. "पुढच्या रविवारी किती माणसं चालतील?" मी विचारून सांगतो म्हटलं. "आणि हे बघ, जेवणाचा कागद आता नको. जे असेल ते." माझ्याबद्दल जे बोलले होते त्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मार्ता सोमवारीच गेली. दोन घरं परत आली ती बुधवारी. आबांनी दिवस ठरवला, कवळी दिली गेली, मग वाडीभर चुलीवर भाजी चढली. जिनं हे सगळं डोक्यात आणलं त्या पोरीनं ती भाजी चाखलीच नाही, याची रुखरुख मला अजून आहे. तिला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "वास पाठवता येत नाही का?" तिच्या सरांनी विचारलं म्हणे, पहिल्याच दिवशी मुख्य पदार्थ नव्हता तर धंदा उभा कसा राहिला? तिनं काय उत्तर दिलं कळलं नाही. तिला गुण मात्र चांगले मिळाले.

तो पावसाळाभर मावशी बाजारात उतरली नाही. बरेच रविवार पाहुणे आले, काही रविवार कोणी नाही. धंदा असतो तसा चालतो. आता माझं पक्कं झालंय. नवी तुकडी आली की वाडीवर पहिला प्रश्न मी विचारतो, तो धंद्याचा नसतो. मी आबांपाशी बसतो आणि म्हणतो, "आबा, मला न सांगता सगळ्यांना ठाऊक असलेलं काय काय आहे?" आबा म्हणतात, "लय हाय. तंबाकू काड."

त्या पहिल्या रविवारी ताटं घासून झाल्यावर मी मावशीला म्हणालो होतो, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी पुढं आलात. हे मी कसं फेडू?"

तिनं विचार केला. मला वाटलं, राहू द्या म्हणेल.

"फेडायचंच आसंल तर तुमची ती भाषा शिकवा मला."

"इंग्रजी?"

"व्हय. आज मी बोलायची आन् काही मान्सांना समजायचं तुमी बोलल्यावर. मला त्येंच्या तोंडाकडं बगून बोलायचंय. मदी कुनी नगं." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "नोकरी जाईल व्हय तुमची?"

"जाईल की."

"मग माज्याकडं या. भांडी घासाया लागत्यात."

तेव्हापासून वाडीवर गेलो की चुलीपाशी शिकवणी असते. बसा, जेवा, आणखी घ्या, हे झालंय. देव आणि डोंगर हे शब्द झालेत. पुढची गाडी हळू चालते, शिकवणाराच आठवीचा. पण मावशी, हे इथं छापून येतंय म्हणजे आता मागं फिरता येणार नाही. एक दिवस पाहुणे येतील, तुम्ही पायरीवर उभ्या राहाल आणि भाजी अजून का नाही, ते त्यांच्या भाषेत तुम्हीच सांगाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिथवर मी तुम्हाला नेणार. त्या दिवशी मी पाहुण्यांबरोबर खाली बसेन आणि तोंड उघडेन ते फक्त जेवायला.